घरातली जुनी उपकरणे आणि वाय-फायचा वेग

कामरेज परिसरातल्या आपल्या मराठी घरांत आता बऱ्याच ठिकाणी फायबरचे कनेक्शन आहे. एका राउटरवर सहज दहा-बारा वस्तू जोडलेल्या असतात : मुलांचे फोन, सुनेचा लॅपटॉप, टीव्ही, फाटकावरचा कॅमेरा, गच्चीवरच्या सोलरचा डोंगल आणि आजी-आजोबांकडे आलेला घरातला सर्वांत जुना फोन. नेट अडखळले की पहिला संशय या शेवटच्या फोनवरच जातो. "आजी, तुझा फोन जरा बंद कर ना, माझी मीटिंग आहे," हे वाक्य अनेक घरांत रोज ऐकू येते. सभासदांकडून आम्हाला वारंवार विचारले जाते, की जुन्या फोनमुळे खरेच साऱ्या घराचे नेट हळू होते का? जुना फोन फेकून द्यावा, राउटर बदलावा, की महागडा प्लॅन घ्यावा?

थोडक्यात उत्तर असे : जुने उपकरण नुसते जोडलेले असल्याने घराचे नेट हळू होत नाही. ते जेव्हा बराच डेटा पाठवते किंवा घेते, तोही बाकीची उपकरणे ज्या पट्ट्यावर आहेत त्याच पट्ट्यावर आणि राउटरपासून दूर बसून, तेव्हा मात्र सगळ्यांचा वेळ खाते. पुष्कळदा तर दोष फोनचा नसून राउटरचाच असतो. पैसे खर्च करण्याआधी हे नीट समजून घ्यावे म्हणून पुढची माहिती देत आहोत.

एक टँकर, अनेक पाइप

सोसायटीत पाण्याचा टँकर आला आहे आणि त्याला एकच तोटी आहे, असे समजा. प्रत्येक घराने आपापला पाइप आणायचा, पाळी आली की एक पिंप भरायचे आणि पुन्हा रांगेत लागायचे. ज्याचा पाइप जाड, त्याचे पिंप मिनिटात भरते. ज्याचा पाइप बारीक, त्याला दहा मिनिटे लागतात. पाळी प्रत्येकाला एकच, पिंपही सारखेच. पण बारीक पाइपवाला तोटीवर उभा असताना बाकी सगळे थांबून राहतात.

वाय-फायचे असेच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, हा त्याचा मूळ नियम. आधी हवा मोकळी आहे का ते ऐकायचे, मग बोलायचे. या नियमानुसार पाळी ठरते ती डेटाच्या पुड्यावर, मिनिट-सेकंदावर नाही. म्हणजे ज्याला पुडा पाठवायला जास्त वेळ लागतो, तो हवाही जास्त वेळ अडवतो.

आकडे मांडून पाहू. १५०० बाइटचा एक पुडा म्हणजे १२,००० बिट. साधारण नव्या फोनचा २.४ गिगाहर्ट्झवरचा वेग ७२ एमबीपीएस धरला, तर हा पुडा सुमारे ०.१७ मिलिसेकंदात जातो. ११ एमबीपीएसच्या जुन्या उपकरणाला १.१ मिलिसेकंद लागतात. तेच उपकरण दोन भिंतींपलीकडे जाऊन १ एमबीपीएसवर घसरले, तर १२ मिलिसेकंद लागतात. या शेवटच्या उपकरणाशी नव्या फोनने पाळीपाळीने एकेक पुडा पाठवला, तर एका फेरीला १२.१७ मिलिसेकंद लागतात, आणि ७२ एमबीपीएसचा फोनही जेमतेम १ एमबीपीएसवर येतो.

ही गोष्ट २००३ साली फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या चार संशोधकांनी इन्फोकॉम परिषदेत मांडली. एक यंत्र ११ वरून १ एमबीपीएसवर उतरले की त्या जाळ्यातली बाकीची यंत्रेही जवळपास त्याच पातळीवर येतात, असे त्यांनी दाखवून दिले. 'सगळ्यात हळू यंत्राइतकाच सगळ्यांचा वेग' ही समजूत इथूनच पसरली असावी. ती अर्धीच खरी आहे. राउटर प्रत्येक उपकरणाशी त्याच्या-त्याच्या वेगाने बोलतो. जुना फोन आला म्हणून नव्या फोनशी हळू बोलत नाही. वाटला जातो तो वेळ. आणि जुना फोन गप्प पडून असेल, तर त्याच्या वाट्याला वेळही फारसा जात नाही.

वर मांडलेला हिशेब हा सर्वांत वाईट प्रसंग आहे, हेही सांगायला हवे. २००९ च्या पिढीपासून उपकरणे एका पाळीत अनेक पुडे, कधी ६४ पर्यंत, एकत्र बांधून पाठवतात. त्यामुळे नव्या फोनच्या एका पाळीत बरेच काम उरकते.

जुने म्हणजे किती जुने?

वाय-फायच्या पिढ्या माहीत असल्या की खोक्यावरची अक्षरे वाचता येतात. १९९९ साली ८०२.११बी आले, कमाल ११ एमबीपीएस. २००३ मध्ये 'जी', ५४ एमबीपीएस. २००९ मध्ये 'एन', जे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालू शकते. २०१३ चे 'एसी' फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालते. २०२१ मध्ये 'एएक्स' हे मानक मंजूर झाले. अक्षरांचा हा गोंधळ टाळण्यासाठी वाय-फाय अलायन्सने २०१८ पासून आकडे वापरायला सुरुवात केली : एन म्हणजे वाय-फाय ४, एसी म्हणजे ५ आणि एएक्स म्हणजे ६.

आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला. त्याआधी त्यावर बरीच बंधने होती. फोन कंपन्यांनीही स्वस्त फोनमध्ये खर्च वाचवण्यासाठी फक्त २.४ ची चिप बसवली. म्हणून २०१३ चा पहिला मोटो जी असो की २०१७ चा जिओफोन, ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. नवा राउटर आणला तरी असे फोन २.४ वरच राहणार.

पण हे फोन 'एन' पिढीचे आहेत, हे विसरू नये. राउटरच्या खोलीत बसून अशा फोनवर भजन-कीर्तनाचा व्हिडिओ पाहिला, तर त्याला दोन-तीन एमबीपीएस पुरतात आणि हवेचा अगदी थोडा वेळ लागतो. आमच्या मते आजीचा फोन बंद करायला लावण्याचे कारण बहुतेक घरांत नसतेच. खरे त्रासदायक उपकरण म्हणजे निव्वळ 'बी' पिढीचे : २००३-०४ चा लॅपटॉप, किंवा परदेशातल्या मामाने कधीकाळी आणलेला निंटेंडो डीएस, जो १-२ एमबीपीएसवरच बोलतो. अशा वस्तू आता क्वचितच सापडतात.

'बी'ची मागे उरलेली सावली

'बी' उपकरणे गेली तरी त्यांच्यासाठी केलेली सोय अनेक राउटरमध्ये अजून चालू असते. तिचे दोन परिणाम होतात.

पहिला असा : 'बी' उपकरणाला 'जी'ची भाषा कळत नाही, त्यामुळे हवा मोकळी आहे असे समजून ते मध्येच बोलू लागते. ते टाळण्यासाठी राउटर सगळ्यांना सूचना देतो, की प्रत्येक वेळी बोलण्याआधी जुन्या, संथ भाषेत 'थांबा' अशी हाक द्या. या हाकांमध्ये 'जी' जाळ्याचा प्रत्यक्ष वेग साधारण निम्म्यापर्यंत खाली येतो. शेजाऱ्याकडे 'बी' उपकरण असले तरी आपल्या राउटरला ही काळजी घ्यावी लागू शकते.

दुसरा परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा 'मी इथे आहे' अशी दवंडी देतो. 'बी'ची सोय चालू असेल तर ही दवंडी बहुधा १ एमबीपीएसने दिली जाते. तीनशे बाइटची दवंडी धरली तर एकीला २.४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदातला सुमारे अडीच टक्के वेळ. हे झाले एका नावाचे. पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क चालू केले, तर त्याची दवंडी वेगळी. आता लागून लागून असलेल्या रो-हाउसची आळी डोळ्यांसमोर आणा. फोनवर पंधरा नेटवर्क दिसतात आणि त्यांतली आठ-दहा एकाच चॅनेलवर असतात. कोणीही काहीही पाहत नसताना पाव भाग हवा नुसत्या दवंडीत जाते. हे प्लॅन वाढवून सुटत नाही, आणि कोणाचाही फोन बंद करून सुटत नाही.

कोणते उपकरण किती खाते?

आमच्या मते सर्वांत आधी पाहावा तो वाय-फाय कॅमेरा. मेमरी कार्डावर साठवणारा आणि हालचाल झाली तरच पाठवणारा कॅमेरा निरुपद्रवी असतो. पण रेकॉर्डरकडे चोवीस तास चित्र पाठवणारा कॅमेरा सतत सुमारे २ एमबीपीएस घेतो. राउटरजवळ ६५ एमबीपीएसवर जोडलेला असेल, तर ही गोष्ट जाणवत नाही. तोच फाटकावर, भिंतींपलीकडे ६ एमबीपीएसवर जोडला गेला, तर त्या पट्ट्याचा तिसरा हिस्सा वेळ त्याचाच. दोन कॅमेरे असतील तर दोन तृतीयांश, आणि वरचा किरकोळ खर्च वेगळाच. कॅमेरा गेल्या महिन्यात घेतलेला असला तरी फरक पडत नाही. इथे वयापेक्षा अंतर महत्त्वाचे आहे. कॅमेऱ्याला शक्य तिथे केबलच द्यावी.

सोलर इन्व्हर्टरचा डोंगल गच्चीवर, आपल्या भाषेत धाब्यावर, असतो. सिग्नल अगदी क्षीण, उपकरण फक्त २.४ चे, तरीही त्याचा त्रास नाही, कारण तो काही मिनिटांनी एकदा चार आकडे पाठवतो. त्रास होतो तो वेगळ्या कारणाने. डोंगल जोडून देताना तंत्रज्ञ कधीकधी राउटरचे ५ गिगाहर्ट्झ बंद करतो, म्हणजे फोन २.४ वर येतो आणि जोडणी सोपी होते. नंतर ते पुन्हा चालू करायचे राहून जाते आणि सारे घर महिनोन्महिने २.४ वर गर्दी करते. सोलर बसवल्यापासून नेट हळू झाले असे वाटत असेल, तर आधी हेच तपासा.

स्मार्ट प्लग, बल्ब आणि गिझरचे स्विच बहुतेक २.४ चेच असतात आणि नगण्य डेटा वापरतात. प्रिंटरही तसाच. जुना टीव्ही किंवा २०१३ चा पहिला क्रोमकास्ट मात्र २.४ वरूनच पूर्ण सिनेमा ओढतो, म्हणून तो ओझे टाकतो. टीव्हीच्या मागे बहुधा लॅनचे भोक असते. राउटर शेजारीच असेल तर दोन मीटर केबलने प्रश्न मिटतो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह नेटवर्कवर नसतो, पण त्याच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास असल्याने तो चालू असताना २.४ पट्टा बिघडतो. रात्रीचे जेवण गरम करायची वेळ आणि अमेरिकेतल्या लेकीच्या व्हिडिओ कॉलची वेळ एकच असते, हे बऱ्याच घरांत लक्षात येईल.

राउटरच जुना असेल तर

इथे खरा पैशांचा प्रश्न आहे. घरात फक्त २.४ चा, 'तीनशे एमबीपीएस' असे खोक्यावर लिहिलेला जुना राउटर आहे आणि प्लॅन २०० एमबीपीएसचा घेतला आहे, अशी घरे कमी नाहीत. अशा राउटरची लॅन भोके बहुधा १०० एमबीपीएसचीच असतात. त्यांतून प्रत्यक्षात ९५ च्या आसपासच मिळते, मग प्लॅन कितीही मोठा असो. केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडल्या असतील, तरी हीच मर्यादा येते. म्हणजे दरमहा जास्तीचे पैसे जातात आणि ते नेट घरात शिरतच नाही.

जुना राउटर वरच्या मजल्यावर रिपीटर म्हणून लावण्याची पद्धतही खूप आहे. एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुन्हा सांगायचे, म्हणजे प्रत्येक पुडा हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो. तोच जुना राउटर केबलने खालच्या राउटरला जोडून वर लावला, तर तो अजून काही वर्षे चांगले काम देईल. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते. आपल्या दुमजली घराला पंधरा-वीस मीटर पुरतात. घराचे रंगकाम काढले असेल तेव्हाच ही केबल भिंतीतून टाकून घ्यावी.

दोष कुठे आहे ते कसे ओळखावे

आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा. तो प्लॅनइतका येत नसेल, तर गोष्ट वाय-फायची नाही; केबल आणि राउटरची भोके तपासा, आणि मग कंपनीला कळवा. तो बरोबर येत असेल, तर नवा फोन घेऊन राउटरपासून दोन मीटरवर उभे राहा आणि ५ गिगाहर्ट्झवर मोजा, मग २.४ वर. त्यानंतर जुन्या फोनवर व्हिडिओ चालू करून तो नेहमीच्या जागी, म्हणजे मागच्या खोलीत, ठेवा आणि दोन्ही मोजण्या पुन्हा करा. २.४ चा आकडा पडला आणि ५ चा जसाच्या तसा राहिला, तर उत्तर मिळाले : जुना फोन फक्त २.४ वर वेळ खातो आहे आणि नव्या उपकरणांना ५ वर हलवले की काम होईल. जुना फोन बंद करूनही २.४ चा आकडा वाढला नाही, तर कॅमेरा किंवा शेजारची गर्दी हे कारण शोधा.

अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या माहितीत 'लिंक स्पीड' आणि पट्टा दिसतो. नव्या फोनवर तिथे २.४ दिसले तर आश्चर्य मानू नका. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, तर फोन कधीकधी दूरवर पोचणाऱ्या २.४ ला चिकटून बसतो.

करण्यासारखे

राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर त्याच्या सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तिथे जाऊन दोन पट्ट्यांना दोन वेगळी नावे द्या. नवे फोन, लॅपटॉप आणि टीव्ही ५ वर. आजीचा फोन, प्लग, प्रिंटर आणि सोलर २.४ वर. एवढ्यानेच बहुतेक घरांची तक्रार थांबते, आणि याला एक रुपयाही लागत नाही. ५ गिगाहर्ट्झ सिमेंटच्या भिंतीत आणि स्लॅबमध्ये लवकर अडकते, त्यामुळे राउटर टीव्हीच्या कपाटात कोंबून न ठेवता घराच्या मध्यावर, उंचावर आणावा.

२.४ साठी चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर कमी शेजारी असतील ते चॅनेल निवडा. ३ किंवा ८ निवडले तर दोन्हीकडच्या गर्दीत अडकायला होते. राउटरमध्ये 'बी/जी/एन' असा पर्याय असेल तर तो 'जी/एन' करा. दवंडी मग बहुधा ६ एमबीपीएसने जाते. त्यानंतर एखादा जुना प्लग किंवा प्रिंटर जोडला जाईना, तर पर्याय पूर्ववत करावा. काही राउटरमध्ये 'एअरटाइम फेअरनेस' नावाचा पर्याय असतो. तो पाळी पुड्यावर न ठरवता वेळेवर ठरवतो, म्हणजे बारीक पाइपवाल्यालाही ठरावीक मिनिटेच मिळतात. चांगली सोय आहे, पण दूरचा कॅमेरा त्यामुळे अडखळू शकतो. दोन दिवस चालू ठेवून पाहावे.

सुरक्षेच्या पर्यायाकडेही लक्ष द्या. एखाद्या जुन्या लॅपटॉपसाठी कधीकाळी 'वेप' किंवा 'टीकेआयपी' निवडलेले असते. या दोन्हींवर 'एन'चा वेग वापरायला मानकातच मनाई आहे, म्हणून अशा नेटवर्कवर नवा फोनही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. वेपचे कुलूप तर २००१ पासूनच फुटलेले आहे. 'डब्ल्यूपीए२-एईएस' निवडावे, ज्या उपकरणाला ते जमत नाही, ते खरोखरच निवृत्तीला आले आहे.

ज्या फोनला अपडेट यायचे थांबले आहेत, त्यावरून बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार करू नयेत. भजने ऐकायला आणि गावी धुळे-नंदुरबारला व्हिडिओ कॉल करायला तो पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवता येतो. त्याची जास्तीची दवंडी एवढ्यासाठी परवडते. शेवटी फोन देऊन टाकायचा झाला, तर त्यातले गूगल खाते काढून फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, आणि बॅटरी फुगलेली असेल तर तो भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या.